सासरी गेलेलं रक्त

कोकणातून कुणी परत आलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला: काय आणलंस? मी आले तर शेजारच्या काकू पातेलं घेऊनच दारात उभ्या. आमसुलं, खाजं, काजूगर, गेलाबाजार फणसाचे चार गरे तरी. मी म्हटलं, "काकू, थुंकी आणलीय. आणि रक्त." काकू पातेल्यासकट मागे फिरल्या त्या आजतागायत माझ्याशी धड बोललेल्या नाहीत. तेव्हा झालं काय ते एकदा सविस्तर लिहून टाकते. त्यांनी वाचलं तर बरंच आहे.

मी हिरड्यांची डॉक्टर. लोक मला 'दातवाली' म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. दात हा नुसता भाडेकरू, घर हिरडीचं आणि हाडाचं. दाताने सुपारी फोडणारा माणूस समोर आला तर मी त्याला खुर्चीत बसू न देता बाहेर काढते. माझा स्वभावच असा आहे.

तर चैत्रात सायली नावाची सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर आली. गाव कसालच्या जवळ, आडनाव सांगणार नाही, कारण मी तसा शब्द दिलाय, आणि नावंही बदललीत. पोरीचे दात पांढरेशुभ्र, हिरडी गुलाबी. पण मी बोट लावलं आणि खालची दाढ हलली. पुढचे दोन दातही हलायला लागलेले. फोटो काढला तर आतलं हाड विरघळत चाललेलं. घरचे तिला 'दात घासत नाय, घाणेरडां' म्हणून ओरडायचे, आणि ती बिचारी घासून घासून हिरड्या सोलून घेत होती.

हा आजार कोवळ्या वयात येतो. ज्या जंतूने येतो, तो तसा बऱ्याच जणांच्या तोंडात असतो. पण त्याच्याविरुद्ध आपलं रक्त जी प्रतिपिंडं तयार करतं, ती किती, कुठल्या जातीची, किती जोरदार, हे माणसागणिक वेगळं असतं. त्यात आईबापांकडून आलेल्या वारशाचा मोठा हात असतो. ज्याची प्रतिपिंडं खमकी, त्याचे चार-सहा दात जाऊन आजार थांबतो. ज्याची लेचीपेची, त्याचं सगळं तोंड रिकामं होतं. निदान आम्हाला तसं वाटतं, आणि ते पडताळायला एकाच घरातली पुष्कळ माणसं तपासावी लागतात. आमच्या कॉलेजात तेच काम चाललंय.

हे सगळं मी सायलीच्या आईला, रजनीला, समजावून सांगितलं. ती सगळा वेळ तोंडावर पदर धरून ऐकत होती. शेवटी तिने सायलीला बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, "डॉक्टर, हे माझ्यामुळे झालं काय? खरां काय ता सांगा. घरात सगळे म्हणतत, हिच्या म्हायेरचो दोष. माका कळाक व्हया."

मी म्हटलं, तोंड उघडा. उघडलं. बत्तीसच्या बत्तीस, पहारेसारखे दात! मग पदर कशाला, विचारलं, तर म्हणाली, सवय झाली. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या रीतीने चारचौघांत दाताने सुपारी फोडली, तर सासू म्हणाली, तोंड झाक. आणि सायलीचे दात हलायला लागल्यापासून तर घरात तिच्या तोंडाकडे सगळे असे बघायचे की पदर खाली येईचना. आता घरचं म्हणणं असं, की दोष कुणाकडचा ते आधी ठरू दे. तिच्या माहेरचा ठरला तर तिथल्या देवाचं काय ते करू, मग औषध. तोवर पोरीचे दात हलेनात का!

मी रागाने म्हटलं, "मी येते ठरवायला." रागात माणूस फार लांबचे प्रवास ठरवतो.

कसाल

बरोबर आमचे तंत्रज्ञ पाटील. कोल्हापूरचे जैन, कांदासुद्धा न खाणारे. दिवसभर लोकांचं रक्त काढतील, पण बांगडा दिसला की डोळे मिटतात. घाटात त्यांचं पोट बिघडलं, ते सोडून देऊ.

गाडी मी चालवत होते, त्यांच्या मांडीवर बर्फाचं थर्माकोलचं खोकं. कसालच्या बाजारात गाडी थांबवून रस्ता विचारला, तर उत्तराआधी तिघांनी खोक्यात डोकावून विचारलं, "सुरमय कशी दिलास?" पाटील म्हणाले, रिकामं आहे. "मगे खंय गावली नाय?" म्हणून लोक हळहळले.

मे महिना, त्यामुळे मुंबईची माणसं गावी आलेली. घरासमोरच्या शेणाने सारवलेल्या खळ्यात सगळं घराणं मुलगी बघायचा कार्यक्रम असावा तसं नटून बसलं होतं. पोरांना आंघोळी घातलेल्या. मधोमध खुर्चीत आबा, म्हणजे सायलीच्या बाबांचे सगळ्यात थोरले भाऊ आणि घरचे कर्ते. शेजारी पानाचा डबा आणि खलबत्ता, कारण तोंडात दात एकही नाही.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी ताट, मग बोलणं. इथे आधी कोकम सरबत, मग देव. आबा उठले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं खळं एका आवाजात.

"ही बाय कोल्हापूरसून आमच्या घराण्याचा रगात न्हेवक इली हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची सुई वाकडी जाव नको, रगात वाटेत सांडा नको, आणि जो काय दोष आसात तो ज्येचो तेका गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाटीलही म्हणाले. म्हटल्यावर माझ्याकडे बघून नळ्या मोजायला लागले.

मग मी प्रतिपिंडं समजावून सांगितली. जंतू येतात, रक्तातून पहारेकरी जातात, काही घरांतले पहारेकरी जागे, काहींचे झोपाळू. आबांनी मान डोलावली. "म्हणजे राखणदार," म्हणाले. इकडे गावाला, बागेला, पाणंदीला एकेक राखणदार असतो. दिसत नाही, पण राखतो, आणि वर्षाकाठी त्याला कोंबडा द्यावा लागतो. मी म्हटलं, हो, तसंच समजा. एवढं म्हटलं आणि फसले.

"मगे तोंडाच्या राखणदाराक आजवर कोणी काय दिल्यानी नाय, म्हणान तो रुसलो," आबांनी जाहीर केलं. "कोंबडो धर रे!"

मी ओरडले, विनवण्या केल्या. कोंबडा कापलाच. खोटं कशाला बोलू, वडे आणि त्या कोंबड्याचा रस्सा असा झाला होता की तांबडा-पांढरा क्षणभर विसरले. हे कोल्हापुरात कुणाला सांगू नका. पाटलांनी वडे साखरेशी खाल्ले.

जेवणानंतर काम. आबा एकेक नाव घेत आणि एकेक बाई पुढे येई. मी तोंड तपासत होते, पाटील रक्त घेत होते. आणि मी थक्कच झाले हो! एकेकीचे दात काय, हिरड्या काय! मग पुरुष आले. आबांचे सगळे दात गेलेले. का? "माडावरसून पडलंय." मधल्या भावाचे पुढचे चार नाहीत. "होडयेचा वल्ह्या लागला." सायलीचे बाबा मुंबईत नोकरीला, त्यांच्या दोन्हीकडच्या मागच्या दाढा गायब. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "क्रिकेट खेळताना. बॉल लागला."

"कसला बॉल?"

"टेनिसचा."

टेनिसच्या चेंडूने ओठ न फुटता, पुढचा एकही दात न हलता, डावीउजवीकडची मागची दाढ! तो चेंडू तोंडात शिरून दोन्ही गालांना टप्पा खाऊन बाहेर आला असणार. त्या घराण्यात आपसूक दात पडलेला एकही पुरुष नव्हता. सगळ्यांचे पराक्रमात पडले होते.

मी रांगोळी मागवली आणि खळ्यातच वंश मांडायला बसले. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, ज्याचे दात गेले त्याच्या चिन्हात कोळशाची पूड. "ही कुठली?" विचारलं. ही मसुऱ्याची. ती? ओरसची. ती? आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आबा! ह्या सगळ्या सुना आहेत!"

"मगे? घराण्याची माणसां म्हटलास तुमी. हीच आमच्या घराण्याची."

"आणि तुमच्या बहिणी?"

"त्येंका दिलव. एक तळेऱ्याक, एक देवगडाक. त्यो आता त्या घरच्यो."

"अहो, लग्नाने रक्त बदलत नाही!"

आबा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागले. "लग्नात गोत्र बदलतां, कूळ बदलतां, नाव बदलतां. एकट्या रगताक काय धाड भरली?"

सगळ्यांच्या माना हलल्या. ज्या बायकांचं रक्त पाटलांच्या खोक्यात होतं, त्यांच्याही. एक कोंबडी, मेलेल्या कोंबड्याची नातेवाईक असावी, रांगोळीतून चालत गेली आणि तिने दोन पिढ्या उकरून टाकल्या. मागच्या दारात रजनी पदर धरून उभी होती. मी ठरवलं, बहिणी गाठायच्या. सायली म्हणाली, "मी येतंय वाट दाखवूक." आबा म्हणाले, परक्या घरचं रगात आणून काय करतल्यात, पण अडवलं नाही.

तळेरे

देवगडकडे फाटा फुटतो तिथे मंदाआतेची खानावळ. दोघींपैकी ही धाकटी. आम्ही काय कामाला आलो ते ऐकून तिने हात पुसले आणि काहीही न विचारता तोंड उघडलं. असं पेशंटनं करावं! वरचे-खालचे पुढचे चार आणि मागच्या दाढा गेलेल्या. बाकीचे मात्र घट्ट.

"कधी गेले?"

"लगीन झाला, आणि एका वर्षान सुरू. मगे आपसूक थांबला."

"पडलात वगैरे?"

"पडूक काय झाला? हलाक लागले, बोटान काढलंय." तिने आमच्यासमोर तिसरे मसाल्याची बशी ठेवली. शिंपल्यातलं ते मांस ओल्या नारळात परतलेलं, भाकरीबरोबर मी दोनदा घेतलं. पाटलांना कुळथाची पिठी. "माझा काय नाय गो, देवगडच्या आक्काक बघा. तिचो एक दात उराक नाय."

गाडीत सायली म्हणाली, "डॉक्टर, दोघी सख्ख्या बहिणी. एकीचे थांबले, एकीचे नाय. असां कशाक?"

मी म्हटलं, बाई, ह्याच प्रश्नापायी आमचं सगळं कॉलेज रात्रंदिवस डोकं खाजवतंय. मंदाआतेच्या प्रतिपिंडांनी आजाराला अंगणात अडवलं, आक्काच्या नाही अडवता आलं, असा आमचा अंदाज.

"आणि मी? मी खंयच्या आतेवर गेलंय?"

खरं उत्तर 'माहीत नाही' हे होतं, आणि तेच मी दिलं. वर सांगितलं, की कुठल्याही आतेवर गेली असलीस तरी औषध आत्ता सुरू केलं तर बरेच दात वाचतील, थांबलो तर नाही. ती खिडकीबाहेर बघायला लागली. जिभेने ती सारखी दाढ चाचपत होती, ते मला आरशात दिसत होतं. मला इतका राग आला, आणि तो काढायला गाडीत पाटलांशिवाय कुणी नव्हतं.

देवगड

देवगडला मे महिन्यात माणसापेक्षा आंब्याला मान. घराच्या ओसरीपासून माजघरापर्यंत पेट्या, पेंढा आणि तो वास! इंदूआते म्हणजे आक्का. आबांपेक्षाही थोरली, त्या घरातलं सगळ्यात मोठं भावंड. पेट्या भरणाऱ्या गड्यांवर ओरडत बसली होती. मी आजाराचं नाव काढताच तिने कवळी काढून पदराच्या टोकात बांधली. "ही घालून खोटां बोलाक बरां पडतां," म्हणाली, "खरां बोलताना टोचता."

आणि मग जे बोलली ते ऐकून पाटलांच्या हातातली नळी खाली पडायची राहिली.

"माझे दात सायलेच्या वयात हलाक लागले. बापूस घाबारलो. म्हणालो, हिचे दात पडाच्या आधी उजवूया. आमचां लगीन दात बघून नाय केल्यानी, दात आसत तवसर केल्यानी! म्हणान दोघींक इतक्या लांब दिल्यानी. लांबच्या माणसांक आमची घरची तोंडां म्हायत नाय."

"आणि भाऊ?"

"झिलग्यांचा बरां आसता. झिलगो माडावरसून पडाक शकता. बायलमाणसाक माडार कशी चढवतलंस?" ती खळखळून हसली. मऊ, रिकाम्या हिरड्यांचं ते हसू. "बापसानच सांगल्यान, दात पडलो काय म्हणाचा, लागला. नायतर सोयरिक मोडतली."

तेवढ्यात तिचं लक्ष सायलीकडे गेलं. जवळ ओढून तिने पोरीच्या ओठाला हात लावला, दात हलवून पाहिला, आणि हसणं थांबलं. "आवस काय म्हणता तुझी?"

सायलीने सगळं सांगितलं. माहेरचा दोष, देवाचं काय ते आधी, औषध मग. आक्का ऐकत राहिली. रक्त दिलं, थुंकी दिली, आणि पायात चपला घालून म्हणाली, "गाडयेत जागा आसा?"

बर्फ संपला होता म्हणून पाटील नाक दाबून बंदरावर गेले आणि बर्फ घेऊन आले. खोक्याला मासळीचा वास लागला तो अजून गेलेला नाही. तर आक्का भली मोठी सुरमई घेऊन हजर. भावाकडे रिकाम्या हाती कसं जायचं? "बर्फ आसाच, तर ठेवा आत."

"आजी, आत रक्त आहे!" पाटील खोकं छातीशी धरून ओरडले.

"सुरमयतसुद्धा आसा मरे!" आक्का म्हणाली.

भांडण बरंच चाललं. शेवटी सुरमई केळीच्या पानात गुंडाळून पाटलांच्या पायांत ठेवली, आणि परतीच्या सबंध वाटेत त्या गृहस्थाने पाय वर धरले होते.

पुन्हा खळ्यावर

आक्का गाडीतून उतरली तेव्हा आबा खुर्चीतून उठले. देव सोडून कुणासाठी ते उठलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. आक्का त्या खुर्चीत बसली. घराणं गोळा झालं. तिने पुन्हा कवळी काढली, तेव्हाच मला कळलं, आता काही खरं नाही.

"बाबलो," तिने आबांना हाक मारली. खळ्यातल्या पोरांना आबांना असं नाव आहे हेच माहीत नव्हतं. "तू खंयच्या माडावरसून पडलंस?"

आबांनी वर माडांकडे पाहिलं.

"जल्मात माडार चढलंस काय? नारळ पडलो तरी भियान घरात पळायचंस." मग मधल्याकडे. "आणि तू. होडयेत बसलंस तर तुका ओकारी येता. वल्ह्या तुका लागला खंय, सपनात?" मग धाकट्याकडे, म्हणजे सायलीच्या बाबांकडे, वळली आणि जरा थांबली. त्यांनी खाली मान घालून स्वतःच सांगितलं, "चेंडू लागाक नाय, आक्का. दाढा आपसूक पडल्यो."

"आमच्या बापसाचे पडले, आमचे पडले, ह्या चेडवाचे हलतत," आक्का म्हणाली. आवाज चढत गेला. "ह्यो रोग आमच्या घरचो. आमच्या रगताचो. रगात देवच्या टायमाक सून आमची, आणि दात पडाच्या टायमाक ती म्हायेरची? इतकी वर्सां हिका तोंड झाकूक लावलास, लाज नाय वाटली?"

"व्हय म्हाराजा!" मागून कुणीतरी सवयीने म्हणालं.

कुणी हसलं नाही. मी हसले, पण मला खोकला आल्याचं दाखवलं. मग मी पुढे होऊन सांगितलं, की दोष कुणाचाच नाही, आबांचाही नाही. रक्ताचा निकाल यायला अवकाश आहे, आणि एका घराच्या रक्तावरून सगळं सिद्धही होत नाही. पण हे कुठून आलं ते आता खळ्यातल्या कोंबडीलासुद्धा दिसतंय. माझं बोलणं कुणी ऐकलं की नाही, शंकाच आहे. सगळे रजनीकडे बघत होते.

ती मागच्या दारात तशीच उभी होती. रडली नाही.

आबा पायरीवर बसले. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी पानाचा डबा ओढला. "आक्का, पान खा," म्हणाले. डब्यात अख्खी सुपारी, अडकित्ता कुठे सापडेना. त्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "रजने, अडकितो खंय गो?"

रजनी आली. तिने आबांच्या हातातली सुपारी घेतली. तोंडावरचा पदर सोडून खांद्यावरून मागे टाकला, सुपारी दाढेत धरली आणि सगळ्या खळ्याला ऐकू जाईल अशी फोडली. कडाक्! तुकडे तळहातावर घेऊन तिने पहिल्यांदा आक्कापुढे धरले, मग आबांपुढे. आबांनी मान वर न करता एक तुकडा उचलला आणि खलबत्त्यात टाकला.

"सोमवारी मी सायलीक घेवन कोल्हापुराक जातंय," ती म्हणाली. "कोणाक विचारूचा नाय आता."

मग ती माझ्यापुढे आली. तळहातावर उरलेले तुकडे, आणि तोंड उघडं ठेवून हसणं, बत्तीसच्या बत्तीस. दाताने सुपारी फोडणाऱ्या माणसाला मी काय करते ते वर लिहिलंच आहे. मी हात पुढे केला.